चिठ्ठी नसलेलं पुस्तक

नेव्हिन बर्कहोल्डरला गंभीर प्रसंगी हसू यायचं. प्रसंग जितका गंभीर, तितकं हसू मोठं. स्वतःच्या लग्नात तो थोडक्यात बचावला होता. बायकोच्या, म्हणजे रोडाच्या, आजोबांच्या मयतात मात्र सापडला. शवपेटी खड्ड्यात उतरताना उतरवणाऱ्यांपैकी एकाची टोपी तिच्यावर पडली. ती आता कुणी काढायची म्हणून चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नेव्हिनने रुमालात तोंड खुपसलं. खांदे गदगदा हलत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्टोनी रन चर्चच्या अख्ख्या मंडळीने ते पाहिलं आणि घरोघरी एकच बोलणं झालं, की सासरच्या म्हाताऱ्यासाठी एवढा रडणारा जावई कुणी पाहिलाय का? पोरगा फार हळव्या मनाचा आहे.

एरवी हे खपून गेलं असतं. पण मार्चमध्ये म्हाताऱ्या आमोसभाऊंचा आवाज बसला तो बसलाच, आणि बिशप विल्मर यांनी रविवारी उभं राहून सांगितलं की मे महिन्यात मंडळीसाठी नवा उपदेशक निवडायचा आहे.

स्टोनी रनच्या मेनोनाइटांमध्ये, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या या ख्रिस्ती पंथात, माणूस शिकून उपदेशक होत नाही, अर्ज करून होत नाही, आणि पगारासाठी तर मुळीच होत नाही, कारण पगार नसतो. बाप्तिस्मा झालेले सगळे जण, बाया, बापे आणि मोठी पोरं, एकेक करून बाजूच्या खोलीत जातात आणि बिशपांच्या कानात एका लग्न झालेल्या पुरुषाचं नाव सांगतात. दोन तोंडांतून एकच नाव आलं की तो माणूस चिठ्ठीत. मग जितकी माणसं तितकी गीतांची पुस्तकं मांडायची आणि त्यातल्या एकात चिठ्ठी सरकवायची, आणि आधी कळू नये म्हणून सगळ्यांना रबर लावायचं. ज्याच्या हातातल्या पुस्तकात ती निघेल तो त्या क्षणापासून मरेपर्यंत उपदेशक. नाही म्हणायची सोय नाही. ते बाप्तिस्म्याच्या वेळीच कबूल करून घेतलेलं असतं, म्हणजे साधारण पंधराव्या वर्षी, जेव्हा माणूस काहीही कबूल करतो.

उपदेशकाने एका रविवारआड तासभर बोलायचं असतं. लग्नं लावायची असतात. आजाऱ्यांपाशी बसायचं असतं. आणि मयतं. मुख्य म्हणजे मयतं.

नेव्हिनचा धंदा गाईंची खुरं कापण्याचा. आठवडाभर तो लँकेस्टर भागातले गोठे फिरायचा, आणि रविवारी सकाळी चर्चच्या तळघरात, इमारत ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीशेजारच्या खोलीत, सोळा-सतरा वर्षांच्या सात पोरापोरींना पवित्र शास्त्र शिकवायचा. मोठ्या माणसांपुढे उभं राहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची आणि सुटली की हसू फुटायचं. पोरांपुढे तसं काही व्हायचं नाही, कारण पोरांपुढे हसलं तरी चालतं. त्यामुळे वर्ग फार चांगला चालायचा. त्याच्या आधी तो हार्लनभाऊंकडे होता. हार्लनभाऊ पाठाचं पुस्तक वाचून दाखवत, पानांच्या आकड्यांसकट.

"तुझं नाव येणार," रोडा म्हणाली. ती चहासाठी पुदिन्याची पानं खुडत होती. "माझ्या आईने दोघींना बोलताना ऐकलंय. 'पोरांना किती छान शिकवतो, आणि मन किती हळवं.'"

"मी हळवा नाहीये."

"मला माहितेय. मी तुझ्याशी लग्न केलंय."

"मी त्यांना खरं काय ते सांगून टाकतो."

"सांग की. आजोबांच्या खड्ड्याशी हसत होतो म्हणून सांग. माझ्या आईपासून सुरुवात कर."

नेव्हिनने सासूपासून सुरुवात केली नाही. बिशपांपासून केली.

त्या गुरुवारी बिशप विल्मरांच्या गोठ्यात खुरांचं काम होतं. नेव्हिनकडे एक लोखंडी टेबल होतं. गाय त्याला उभ्याने बांधायची, दांडा ओढायचा, की टेबल गाईसकट आडवं होतं आणि चारही खुरं हाताशी येतात. गाय मग कुशीवर पडून आपलं काय चुकलं याचा विचार करत राहते. अशी एक गाय विचार करत पडली होती, बिशप शेपटी धरून उभे होते, तेव्हा नेव्हिन म्हणाला,

"विल्मरभाऊ, एक सांगायचंय."

"सांग."

"मला मयतात हसू येतं."

बिशपांनी शेपटी या हातातून त्या हातात घेतली.

"रोडाच्या आजोबांच्या वेळी मी रडत नव्हतो. हसत होतो. रुमाल त्यासाठी होता. उद्या कुणी माझं नाव तुमच्या कानात सांगितलंच, तर तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. मी त्या कामाचा माणूस नाही. मला चार मोठ्या माणसांपुढे बोलता येत नाही."

गाईने उसासा सोडला.

"देवाने बोलावलं तेव्हा मोशेही हेच म्हणाला होता," बिशप म्हणाले.

"मोशेला हसू यायचं?"

"जीभ जड आहे म्हणाला. यिर्मया म्हणाला, मी अजून पोर आहे. गिदोन म्हणाला, मी घरात सगळ्यांत लहान. योना तर सरळ जहाजात बसून पळाला."

"मग?"

"मग काय? सगळे लागले कामाला." बिशपांचा आवाज जरा कापला. "नेव्हिन, मला बिशप होऊन चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत असं आपण होऊन येऊन आपलं उणं कुणी सांगितलं नाही रे मला. एवढी नम्रता..." त्यांचे डोळे भरून आले होते, पण हातात शेपटी असल्यामुळे ते पुसता येत नव्हते.

नेव्हिनने मुकाट्याने पुढचं खूर धरलं.

"म्हणजे तू बिशपांकडे जाऊन नाव नोंदवून आलास," घरी आल्यावर रोडा म्हणाली.

आता एकच मार्ग उरला होता. वाईट शिकवायचं.

पुढच्या रविवारी त्याने वर्गात स्तोत्रातली एकच ओळ वाचली, देवापुढे शांत राहा अशा अर्थाची, आणि पुस्तक मिटलं. "आता कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "मीपण नाही." बस्स. तास संपेपर्यंत आठ माणसं भट्टीचा आवाज ऐकत बसली. त्याला वाटलं, दुपारपर्यंत तक्रार येईल. दुपारी रोडाची आई आली. शेजारची बाई गल्लीभर सांगत सुटली होती की आमचा डॅरेल पन्नास मिनिटं गप्प बसला, जन्मल्यापासून पहिल्यांदा, आणि हे त्या नेव्हिनने नुसत्या एका ओळीवर केलं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याने वंशावळ्या काढल्या. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, सगळा तास. पोरांना ते इतकं आवडलं की त्यांनी घरी जाऊन आपापल्या वंशावळ्या काढून आणल्या. त्यातून असं निघालं की वर्गातली सहा जणं एकमेकांची चुलत भावंडं आहेत आणि सातवा टायटस हा सगळ्यांचा दोन्हीकडून चुलत आहे. आजीआजोबा लोक हेलावून गेले. कुणाच्या तरी आजीने नेव्हिनसाठी घरचं लोणचं पाठवलं.

"नेव्हिनभाऊ," ल्युएलाने विचारलं, "तुम्ही मुद्दाम वाईट शिकवताय का?" ल्युएला सोळा वर्षांची होती आणि प्रश्न सरळ कपाळावर मारायची.

"वाटतंय का तसं?"

"नाही ना. जमतच नाहीये तुम्हाला."

सगळे हसले. नेव्हिनही हसला. इथे चालत होतं.

"तुम्ही उपदेशक झालात की वर पुढच्या बाकावर बसणार," टायटस म्हणाला. टायटसच्या घरी ऐंशी गाई होत्या आणि तो प्रत्येक गोष्टीकडे लिटरच्या हिशेबाने बघायचा. "मग हा वर्ग कुणाकडे?"

"हार्लनभाऊ आहेत की मोकळे."

खोलीत शांतता पसरली. त्या रविवारी मुद्दाम पाळली होती त्यापेक्षा ही खूपच खोल होती.

"पान चौदा," डॅरेल हार्लनभाऊंच्या आवाजात म्हणाला.

"पुरे," नेव्हिन म्हणाला. "प्रेषितांची कृत्ये काढा. पहिला अध्याय."

हा अध्याय काही त्याने निवडला नव्हता. पाठच तिथे आला होता. येशूच्या बारा शिष्यांतला यहूदा गेला, एक जागा रिकामी झाली. राहिलेल्या अकरांनी दोन नावं काढली. एक मत्थिया आणि दुसरा योसेफ, ज्याला बर्सबा म्हणायचे. प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. तो अकरांत जाऊन बसला. अध्याय संपला.

"आणि बर्सबा?" ल्युएला म्हणाली.

"त्याचं काय?"

"त्याचं पुढे काय झालं?"

नेव्हिनने पान उलटलं, मग आणखी एक. "काही नाही. पुढे त्याचं नावच येत नाही."

"म्हणजे घरी गेला असेल," डॅरेल म्हणाला.

"जेवला असेल," टायटस म्हणाला.

नेव्हिन त्या ओळीकडे बघतच राहिला, जणू ती काल कुणीतरी आत घालून गेलं होतं. लहानपणापासून त्याने हा अध्याय डझनभर वेळा वाचला असेल, पण या माणसाकडे कधी पाहिलं नव्हतं. अख्ख्या शास्त्रात ज्यांनी ज्यांनी नको म्हटलं ते सगळे सापडले होते. जहाजात बसलेलासुद्धा. आणि हा माणूस पळाला नाही, जीभ जड आहे म्हणाला नाही, बिशपांना जाऊन भेटला नाही. नुसता रांगेत उभा राहिला, आणि सुटला.

"त्याला वाईट वाटलं असेल का हो?" ल्युएलाने विचारलं.

"आजूबाजूचे तसं धरून चालले असतील," नेव्हिन म्हणाला. "सांत्वनाला आले असतील चार जण."

"पण वाचला तो नशिबाने," टायटस म्हणाला. "दोनच नावं म्हणजे निम्मा धोका. आठ असती तर आठवा हिस्सा."

"टायटस, हे दुधाचं गणित नाही."

"नाही, पण दोनच का काढली? जास्त काढू नयेत असं कुठे लिहिलंय?"

नेव्हिनने अध्याय पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "कुठेच नाही," तो म्हणाला. शिक्षकाने प्रामाणिक असावं एवढंच त्याच्या मनात होतं. सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं ते त्याला दिसलं नाही. तो अजून बर्सबाकडे बघत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कानात नावं सांगायची संध्याकाळ आली. रांग जिन्यापर्यंत गेली होती. नेव्हिनने आत जाऊन सुतारकाम करणाऱ्या आयवनचं नाव सांगितलं. आयवन गंभीर होता, आवाज जाड होता आणि मयतात तो खरोखरचा रडायचा. नेव्हिनच्या मागे त्याचा वर्ग उभा होता, सगळे हात बांधून, डोळे खाली. त्याला भरून आलं. पोरं केवढी मनावर घेतात.

शनिवारी दुपारी बिशप घरी आले. टोपी हातात, चेहरा ओढलेला.

"नेव्हिन, तुझं नाव चिठ्ठीत आहे."

रोडा मागे उभी होती. तिने ओला हात ॲप्रनला पुसला, मग कोरडा हातही पुसला.

"आणखी कोण?" नेव्हिनने विचारलं.

"आठ जण आहेत."

"आठ?"

"मलाही कळत नाहीये." बिशप खुर्चीवर बसले. "आजवर पाचाच्या वर कधी गेलं नाही. आयवन आहे, ते धरूनच चाललो होतो. तू आहेस. पण इरा आहे."

इराभाऊ वीस वर्षं उपदेशात झोपत आले होते. एकदा ते झोपेत 'आमेन' म्हणाले होते आणि तेही योग्य जागी, एवढंच त्यांचं मंडळीतलं काम.

"क्लेटन आहे," बिशप म्हणाले. क्लेटन भाजीच्या लिलावात बोली पुकारायचा. कोबीच्या पेट्यांची चळत तो एका श्वासात विकायचा. घरीही तो तसाच बोलायचा, त्यामुळे त्याने मीठ मागितलं तरी कुणीतरी दचकून हात वर करायचं. "आणि हार्लन. देवाची मर्जी. मी कोण विचारणारा?" बिशप उठले. "पण डीकनकडे पुस्तकांना लावायला रबरंच पुरत नाहीयेत."

बिशप गेल्यावर रोडा टेबलाशी बसली.

"मी तुला हो म्हटलं तेव्हा तू खुरं कापायचास," ती म्हणाली. "एवढंच ठरलं होतं."

"मी अजूनही खुरंच कापतो."

"उद्या दुपारपर्यंत." तिने ॲप्रनची गाठ सोडली. "आणि मयतात हसू आलं तर काय करशील?"

"रुमाल."

"मरेपर्यंत रुमाल?"

त्याला ते डोळ्यांसमोर दिसू लागलं. कुणाची तरी आई पेटीत असेल, घरचे समोर बसलेले असतील, आणि त्यांचं मन धरायचं काम ज्याच्यावर आहे तो माणूस रुमालात तोंड घालून हलत असेल. एकदा लोक फसले. दहाव्या वेळी कुणाला तरी त्याचे दात दिसतील, आणि त्या घराला ते कायमचं लक्षात राहील. त्याला स्वतःच्या फजितीचं एवढं काही नव्हतं. त्या घराचं होतं. हे त्याने रोडाला सांगितलं, आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मग तिने कपाटातला सगळ्यांत मोठा रुमाल काढून त्याला इस्त्री केली.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पुढच्या बाकावर आठ जण. टेबलावर आठ सारखी पुस्तकं, प्रत्येकाला रबर. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या डीकनने भाजीबाजारातून मुळ्याच्या जुड्यांना लावायची जाड निळी रबरं आणली होती. गीत झालं, प्रार्थना झाली, आठही जण उठून एकेक पुस्तक घेऊन आले. इराभाऊंना शेजारच्याने कोपराने उठवलं.

नेव्हिनच्या हातातलं पुस्तक त्याला जड लागलं. मग हलकं लागलं. मग त्याला खात्री पटली की मधे कुठेतरी ते जाड झालंय. बायकांच्या बाजूला रोडा समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होती. तिसऱ्या रांगेत टायटसचे ओठ हलत होते, प्रार्थना करत होता की भागाकार, सांगता येत नव्हतं.

बिशप बाकाच्या टोकाशी आले. आयवनचं पुस्तक घेतलं, रबर काढलं, उघडलं. काही नाही. मंडळीतून एक श्वास फिरला. आयवनकडेच निघेल असं अर्ध्या लोकांनी धरलं होतं, आणि त्याच्या घरी न्यायचा स्वयंपाकही चढवून आले होते. मग इराभाऊंचं. काही नाही. इराभाऊंनी "आमेन" म्हटलं.

मग नेव्हिनचं. त्याने पुस्तक पुढे केलं. बिशपांनी रबर ताणलं. मुळ्याचं रबर फार चिवट असतं. ते एकदा ताणलं, दोनदा ताणलं, तिसऱ्यांदा ते निसटलं, हवेत उडालं, आणि बिशपांच्या डाव्या कानाला अडकून लोंबत राहिलं. निळं. बिशपांना ते कळलंच नाही. कानात निळं रबर घालून, चाळीस वर्षांची सगळी गंभीरता चेहऱ्यावर घेऊन, त्यांनी पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि नेव्हिनकडे पाहून मान हलवली.

चिठ्ठी नव्हती.

नेव्हिनच्या छातीत दोन महिने बांधलेलं काहीतरी सुटलं. सुटताना ते वरच्या दिशेने निघालं, आणि वर निळं रबर होतं. इस्त्री केलेला रुमाल जेमतेम वेळेवर पोचला. हुंदक्यासारखा मोठा आवाज झाला. खांदे हलू लागले. डोळे वाहू लागले. बायकांच्या बाजूला एकामागोमाग एक पर्स उघडल्याचे आवाज आले. "बिचारा," कुणीतरी म्हणालं, "किती मनात होतं त्याच्या."

बिशप पुढे सरकले. चौथं, पाचवं. सहावं क्लेटनचं.

चिठ्ठी पांढरी आणि अगदी लहान होती. बिशपांनी ती वर धरली. ज्या माणसाला लिलावात कुणी कधी गप्प पाहिला नव्हता तो तोंड उघडून बसून राहिला आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. त्याला उभं राहायला सांगितलं, त्याला उठता येईना. पलीकडे त्याची बायको लोइस हिने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता आणि तिचं अंग थरथरत होतं. क्लेटनच्या डोळ्यांतून पाणी आलं, तो खिसे चाचपू लागला. नेव्हिनने आपला रुमाल पुढे केला. हसून ओला झालेला होता, पण दुसरा नव्हता.

बाहेर गवतावर नेव्हिनला हात मिळवणाऱ्यांची रांग लागली.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळा."

"तुझी वेळ येईल."

आयवन तर सुटकेने इतका मोकळा झाला होता की तो दिसेल त्याला मिठी मारत होता, एका अनोळखी पाहुण्यालाही. रोडा नेव्हिनच्या कोपराला धरून उभी होती. "खाली बघ," ती ओठ न हलवता म्हणाली. "दात दिसतायत."

तळघरात पोरं वाट बघत होती. डॅरेलने नाचच केला. मग ल्युएला म्हणाली, "आमचं जमलं."

"काय जमलं?"

टायटसने सांगितलं. अभिमानानेच सांगितलं. नेव्हिनभाऊंचं नाव येणार हे नक्की होतं, ते थांबवता येत नव्हतं. मग धोका पातळ करायचा. दोघांनी इराभाऊ, दोघांनी क्लेटनभाऊ आणि तिघांनी हार्लनभाऊ. "हार्लनभाऊंसाठी जास्त खात्री हवी होती. ते वर गेले असते तर वर्गाचा प्रश्न कायमचा मिटला असता."

"शास्त्रात मनाई नाही, तुम्हीच पाहिलंत," डॅरेल म्हणाला.

नेव्हिन खाली बसला. "हा खेळ नव्हता रे. क्लेटनभाऊ मरेपर्यंत... लोइसताईंचा चेहरा पाहिलात का तुम्ही?"

डॅरेल आपल्या बुटांकडे बघू लागला.

"आम्ही प्रार्थना करून गेलो होतो," ल्युएला हळूच म्हणाली. "खोटं नाही सांगितलं. मी डोळे मिटले आणि क्लेटनभाऊच दिसले. फक्त... डोळे मिटायच्या आधी ठरलेलं होतं."

त्याला रागवता येईना. दोन महिने तोच तर सुटायच्या वाटा शोधत होता. पोरांनी एक वाट काढून दिली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस पडला होता. सोमवारी सांत्वनाचा पहिला काकवीचा केक घरी आला. मंगळवारी आणखी दोन. सुटका झाली, पण ती कुणाच्या खिशातली काढून घेतल्यासारखी वाटत होती.

बुधवारी तो क्लेटनच्या गोठ्यावर गेला. क्लेटनकडे घरापुरत्या पाच गाई होत्या. पहिली टेबलाला बांधून आडवी केली तरी क्लेटन बोलला नव्हता. एरवी एवढ्यात त्याने हवामान, कोबीचा भाव आणि दोन सोयरिकी उरकल्या असत्या.

"क्लेटनभाऊ," नेव्हिन म्हणाला, "रविवारचं... मला फार वाईट वाटतंय."

"तू रडलास ते पाहिलं मी." क्लेटनने शेपटी घट्ट धरली. "लाज वाटली मला."

"तुम्हाला कसली लाज?"

"तू एवढा मनापासून रडतोयस, तुला नाही मिळालं. आणि मला मिळालं." त्याने गोठ्याच्या दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. आवाज खाली आणला. "नेव्हिन, मला हवं होतं रे."

"काय?"

"हेच. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून. खुराड्यात उभा राहून कोंबड्यांना उपदेश करायचो. ऐकायच्या. एक तर पश्चात्तापासाठी दोनदा पुढे आली. पण आपल्यात असं बोलता येतं का? हवं म्हटलं की गर्व. त्यात माझा धंदा ओरडण्याचा. तीनदा निवड झाली या मंडळीत, तीनदा माझं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मी आपला कोबी विकत राहिलो." त्याने नाक ओढलं. "आणि आता दोघांनी घेतलं. कोण असतील, देवाला ठाऊक."

नेव्हिनच्या हातातलं खूर थांबलं.

"हो," तो म्हणाला. "देवाला ठाऊक."

"मला हवं होतं, तेवढं कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार. पण लोइसताई? त्या तर किती रडत होत्या."

"लोइस?" क्लेटनने गोठ्याबाहेर घराकडे पाहिलं. "ती हसत होती. ती माहेरची आमच्या शेजारच्या शेतावरची. सगळ्या कोंबड्या पाहिल्यात तिने."

नेव्हिनने तासणी खाली ठेवली. मग त्याने क्लेटनला आजोबांची पेटी, पडलेली टोपी आणि बिशपांच्या कानातलं निळं रबर, सगळं सांगितलं. क्लेटन आधी अविश्वासाने बघत राहिला, मग त्याने शेपटीच सोडून दिली आणि दोघंही गोठ्याच्या भिंतीला टेकून इतके हसले की आडव्या गाईने मान उचलून पाहिलं. नेव्हिनने रुमाल काढला नाही. त्याची गरज नव्हती. रविवारी पोरांना चांगलं रागवायचं असं त्याने ठरवलं होतं, ते मनातल्या मनात रद्द केलं. कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात बरंच काही होतं शिकवण्यासारखं.

"ऐकतोस का?" डोळे पुसून क्लेटन म्हणाला. "पहिल्या रविवारचा तयार करतोय." त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. मोशे, लाल समुद्र आणि चाळीस वर्षांचं रान, सगळं तीन मिनिटांत पार झालं. शेवटी त्याचा हात सवयीने वर गेला आणि समोरच्या गाईकडे वळला.

"छान," नेव्हिन म्हणाला. "मधे श्वास घ्या फक्त."

"कुठे?"

"पूर्णविराम दिसला की."

क्लेटनने थोडा विचार केला. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं, या वेळी हळू. वाक्य संपलं की थांबत होता. थांबल्यावर काय करायचं हे त्याला अजून नीट माहीत नव्हतं, म्हणून तो गोठाभर पाहत होता, मग पुढे जात होता. मोशे आता मोशेसारखा चालत होता. आवाज मोठा होता, तरी गाई रवंथ करत राहिल्या.

नेव्हिनने दांडा उलटा ओढला. टेबल उभं झालं, गाय चार पायांवर उतरली, अंग झाडून बाजूला झाली. त्याने दुसरीचा दोर घेतला. क्लेटन समुद्राच्या काठाशी पोचला होता. त्याला घाई नव्हती, नेव्हिनलाही नव्हती. अजून चार गाई होत्या, सोळा खुरं होती, आणि त्यांतल्या एकालाही नेव्हिनकडून दोन शब्द ऐकायचे नव्हते.